भाडे, मक्ता आणि कर शिकविणारा पट

अर्थशास्त्रातील आणि राज्यकारभारातील शब्द सामान्य माणसाला शिकवावयाचे कसे, हा प्रश्न वरवर पाहता शाळामास्तरांचा वाटतो. वास्तविक तो लोकशाहीचा प्रश्न आहे. कर, भाडे, मक्ता, सनद, अनुदान, तूट हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात येतात. मत देणारा प्रत्येक माणूस ते ऐकतो. बहुतेक जण ते वापरतातही. पण शब्द तोंडी असणे निराळे आणि त्या शब्दामागचा व्यवहार ध्यानात असणे निराळे. ज्याला व्यवहार कळला तो प्रश्न विचारतो. ज्याला नुसता शब्द आला तो मान डोलावतो.

मराठीत या शिक्षणाचा आरंभ फार मागे झाला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अर्थशास्त्राची परिभाषा मराठीत बसविण्याचा उद्योग केला. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही याच हेतूने, की पुस्तकातले ज्ञान चार लोकांच्या कानांवर पडावे. ग्रंथ आणि व्याख्यान हे दोन्ही मार्ग थोर खरेच. परंतु दोन्हींत शिकणारा माणूस स्वस्थ बसलेला असतो. त्याला काही द्यावे लागत नाही, त्याचे काही जात नाही. तिसरा एक मार्ग आहे, तो खेळाचा. खेळात शब्दाची किंमत मोजावी लागते. ‘भाडे’ या शब्दाची व्याख्या पाठ करणे आणि आपल्या पुढ्यातले अखेरचे नाणे भाड्यापोटी दुसऱ्याच्या हातावर ठेवणे, या दोहोंत केवढे अंतर आहे हे सांगावयास नको.

असा एक खेळ अमेरिकेत निघाला. जमिनीचे भाडे म्हणजे काय, मक्तेदारी कशी वाढते आणि कर कोणावर बसवावा, हे शिकविण्यासाठीच तो जन्माला आला होता. पुढे तो साऱ्या जगात गेला, आपल्या घराघरांत आला. पण येताना त्यातले शिक्षण वाटेत गळून पडले. ते कसे गळले, हे आज पाहावयाचे आहे.

त्या खेळाचा पाया ज्या कल्पनेवर आहे ती ‘जमिनीच्या भाड्याची’ कल्पना महाराष्ट्राला मुळीच परकी नाही. इंग्रज अर्थशास्त्री रिकार्डो याने १८१७ साली आपल्या ग्रंथात मांडले की, लागवडीखालच्या सर्वांत हलक्या जमिनीपेक्षा चांगल्या जमिनीत जे अधिक पिकते ते जमिनीचे खरे भाडे होय. ते मालकाच्या श्रमाने उत्पन्न होत नाही. कंपनी सरकारच्या नोकरीसाठी हेलिबरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांना हे शास्त्र माल्थस स्वतः शिकवीत असे. त्यांपैकी प्रिंगल नावाचा एक विद्यार्थी पुढे आपल्या दख्खनेत आला आणि १८२८ च्या सुमारास त्याने पुणे जिल्ह्याची पाहणी आरंभिली. लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो चोख दिसला. शेतावर मोजणी चुकली, आकारणी जड झाली, धान्याचे भाव उतरले, आणि कुणबी जमिनी टाकून निघून गेले. १८३५ पासून इंदापुराकडून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने पाहणी करून आकार हलका केला, तेव्हा कोठे गाडे रुळावर आले. दख्खनच्या रयतेने रिकार्डोचा सिद्धांत असा मोजणीच्या साखळीखाली शिकला. मास्तर हेलिबरीहून आला होता. फी मात्र फार जबर पडली.

तोच सिद्धांत पुढे अमेरिकेत हेन्री जॉर्ज याच्या हाती पडला, आणि त्याने त्याचा रोख कुळाकडून मालकाकडे वळविला. सॅन फ्रान्सिस्को शहर त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होते. रेल्वे येणार अशी नुसती हूल उठली की, ओसाड जागेची किंमत चढे. मालक घरी झोपलेला असला तरी चढे. त्याने विचारले की, ही वाढ जर लोकवस्तीमुळे होते, तर ती एका माणसाच्या खिशात का जावी? ‘प्रगती आणि दारिद्र्य’ हा त्याचा ग्रंथ १८७९ साली निघाला. जमिनीच्या भाड्याएवढा एकच कर घ्यावा आणि श्रमावरचे व व्यापारावरचे बाकीचे कर उठवावे, हे त्याचे सांगणे. याला लोक ‘एककर’ म्हणू लागले. १८८६ साली जॉर्ज न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा राहिला. निवडून आला नाही, पण त्याच्या मतांचे हजारो अनुयायी झाले. १८९७ साली तो वारला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न पडला की, एवढा जाडजूड ग्रंथ वाचणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर एका स्त्रीने शोधले. तिचे नाव एलिझाबेथ मॅगी. लोक तिला लिझी म्हणत. तिचा जन्म १८६६ साली इलिनॉय प्रांतात झाला. बाप वर्तमानपत्राचा धंदा करणारा, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. जॉर्जचा ग्रंथ तिच्या हाती बापानेच दिला. ती वॉशिंग्टनच्या परिसरात लघुलेखक म्हणून काम करी. टंकलेखन यंत्रात कागद सुलभ सरकावा म्हणून तिने एक सुधारणा काढून १८९३ साली तिचे पेटंटही घेतले होते. दिवसभर दुसऱ्याचे शब्द टिपून घेणाऱ्या या बाईने संध्याकाळी बसून एक पट आखला. मार्च १९०३ मध्ये तिने पेटंटासाठी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ते तिला मिळाले. खेळाचे नाव ‘जमीनदाराचा डाव’.

हा पट कसा होता ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्या घरांत आहे. चौरस पट, आणि सोंगटी कडेकडेने फिरत राही. त्यापूर्वीच्या पाश्चात्त्य पटांत बहुधा एका टोकाला आरंभ आणि दुसऱ्या टोकाला शेवट असे. येथे फेरा संपत नसे. आरंभाच्या घरावर धरणीमातेवरील श्रमांतून मजुरी निपजते, अशा आशयाचे वाक्य लिहिलेले होते. ते घर ओलांडले की शंभर डॉलर मजुरी मिळे. वाटेत जमिनीचे तुकडे होते, ते विकत घेता येत अथवा भाड्याने राहता येत असे. भाकरी, कोळसा, कपडा, निवारा अशी गरजेच्या वस्तूंची घरे होती, तेथे पैसे द्यावेच लागत. रेल्वे होती, दिवाबत्तीचा व पाण्याचा मक्ता होता, चैनीवरचा कर होता. एका कोपऱ्यावर लंडनच्या एका कल्पित उमरावाची मोठी जमीन होती आणि ‘आत येण्यास मनाई’ अशी पाटी होती. त्या जमिनीवर पाय पडला की थेट तुरुंग. दुसऱ्या कोपऱ्यावर सार्वजनिक बाग आणि तिच्या शेजारीच अनाथ-दरिद्री लोकांचे घर. ज्याचे दिवाळे निघेल त्याने तेथे जाऊन बसावयाचे.

म्हणजे पटावरचा प्रत्येक शब्द आपले कारण बरोबर घेऊन आला होता. मजुरी का मिळते? श्रम केले म्हणून. तुरुंगात का जावे लागते? परदेशी मालकाने अडवून ठेवलेल्या जमिनीवर पाऊल टाकले म्हणून. दरिद्री माणूस कोठे जातो? तो नाहीसा होत नाही. पटावरच, सर्वांच्या डोळ्यांसमोर बसून राहतो.

१९०६ साली न्यूयॉर्कच्या एका लहान मंडळीने हा खेळ छापून विकावयास काढला, तेव्हा त्यासोबत नियमांची दुसरी रीतही दिलेली होती. मॅगीबाईंच्या कल्पकतेचे मर्म येथे आहे. पट तोच, फासे तेच, पैसे तेच. पहिल्या रीतीत जमिनीचे भाडे मालकाला जाते. काही फेऱ्यांनंतर एकाकडे सारे गोळा होते आणि बाकीचे कंगाल होतात. मग खेळाडूंनी आपसांत संमतीने दुसरी रीत लागू करावयाची. आता जमिनीचे भाडे मालकाच्या हाती न जाता सार्वजनिक खजिन्यात जाते. खजिना भरला की दिवाबत्ती लोकांच्या मालकीची होते व तिचे पैसे पडत नाहीत; मग रेल्वे तशीच होते; उमरावाची तुरुंगात धाडणारी जमीन जाऊन तेथे मोफत कॉलेज उभे राहते; आणि नंतर मजुरीचा दर चढत जातो. पुढे या रीतीला ‘समृद्धी’ असे नाव पडले. तिच्यात जिंकण्याची खूणही वेगळी होती: ज्याने सर्वांत कमी पैशांनी आरंभ केला त्याचे पैसे दुप्पट झाले की डाव सर्वांनीच जिंकला असे समजावयाचे.

विद्यार्थ्याला कोणीही व्याख्यान दिलेले नाही, आणि तरीही त्याने स्वतःच्या हातांनी पाहिले की, माणसे तीच, नशिबाचे फासे तेच. बदलला तो फक्त कायदा. गरिबी ही नशिबाची गोष्ट की नियमांची, हा अर्थशास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्न दहा वर्षांच्या मुलासमोर अर्ध्या तासात उभा राहतो. मुलांनी हा खेळ खेळावा आणि मोठेपणी त्या व्यवस्थेचा अन्याय त्यांना ओळखता यावा, अशी मॅगीबाईंची उघड इच्छा होती. तिने तसे लिहूनही ठेवले आहे.

या खेळाला पहिला वर्गही लवकरच मिळाला. डेलावेअर प्रांतात आर्डन नावाची लहानशी वसाहत १९०० साली जॉर्जच्या अनुयायांनी वसविली होती. तेथे जमीन सामाईक, आणि प्रत्येक जण जमिनीचे भाडे वसाहतीला देई. जे पटावर होते ते आर्डनमध्ये प्रत्यक्ष चालू होते. तेथे राहणारा स्कॉट नीअरिंग हा फिलाडेल्फियाच्या व्हार्टन विद्यालयात अर्थशास्त्र शिकवी. त्याने हा पट आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडला. भाडे, एककर, मक्ता, सार्वजनिक मालकी हे शब्द तेथे फळ्यावरून नव्हे तर पटावरून शिकविले गेले. १९१५ साली विद्यापीठाने नीअरिंगला नोकरीवरून दूर केले. बालमजुरीविरुद्ध आणि धनवंतांविरुद्ध तो बोलत असे, हे त्याचे कारण मानले जाते. मास्तर गेला, पण पट राहिला. विद्यार्थी आपापल्या हातांनी तो कापडावर आणि पुठ्ठ्यावर उतरवून घेत, गावोगावी नेत, मित्रांना शिकवीत. छापील प्रत विकत घेणारे थोडे. नक्कल करणारे पुष्कळ.

आणि या नकलांतच खेळाचे शिक्षण हरवू लागले. नक्कल करणारा माणूस पट उतरवून घेतो. नियम तोंडी सांगतो. तोंडी सांगताना जे रंगते ते टिकते. पहिली रीत रंगतदार होती, कारण तिच्यात कोणीतरी बुडत असे. दुसरीत कोणी बुडत नसे, म्हणून ती मागे पडली. लोक नुसते ‘मक्तेदारीचा डाव’ म्हणू लागले. ॲटलांटिक सिटीतील क्वेकर पंथाच्या मंडळींनी १९३० च्या सुमारास त्यावर आपल्या गावच्या रस्त्यांची नावे घातली. जमिनीचा लिलाव पुकारणे त्या शांत लोकांना रुचेना, म्हणून प्रत्येक घरावर ठरीव किंमत लिहिली गेली. तेथून तो फिलाडेल्फियात गेला आणि एका स्नेह्याच्या घरी चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार गृहस्थाने तो पाहिला. पटावर एका वस्तीच्या नावात अक्षराची चूक झाली होती. डॅरोच्या पटावर ती चूक जशीच्या तशी उतरली. मूळ कोठले, हे सांगणारी याहून बोलकी साक्ष मिळणार नाही.

डॅरोने तो आपलाच शोध म्हणून विकला. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डॅरोच्या नावाने पेटंटही निघाले. ते दिवस महामंदीचे होते. ज्यांच्या खिशात खरा पैसा नव्हता ते संध्याकाळी खोट्या पैशाची पुडकी मोजू लागले. खेळ धडाक्याने खपला. मॅगीबाईंचे जुने-नवे पेटंट आडवे येऊ नये म्हणून कंपनीने तेही १९३५ साली तिच्याकडून विकत घेतले. किंमत ५०० डॉलर; प्रत्येक प्रतीमागे हक्काची रक्कम काही नाही. १९३६ च्या जानेवारीत तिने वर्तमानपत्रांतून आपली तक्रार मांडली. कंपनीने १९३९ साली तिचा मूळ खेळ एकदा छापला, पण तो चालला नाही. १९४८ साली ती वारली. भाडे खाणाऱ्या मालकाविरुद्ध जिने खेळ काढला, तिच्या श्रमाचे भाडे दुसऱ्यांनीच खाल्ले.

परंतु अन्याय एका बाईवर झाला एवढ्यावर थांबणे बरोबर नव्हे. मोठा अन्याय शब्दांवर झाला. नव्या पटाची घरे जुन्याशी ताडून पाहा. आरंभाचे घर ओलांडले की पगार मिळतो. मात्र श्रमाचा उल्लेख गेला. पगार का मिळतो, तर फेरा पूर्ण झाला म्हणून. ‘आत येण्यास मनाई’ ही पाटी गेली. शिपाई बोट दाखवितो आणि आपण तुरुंगात जातो. गुन्हा कोणता, हे विचारावयाचे नाही. सार्वजनिक बागेच्या जागी मोटार फुकट उभी करण्याची जागा आली. दरिद्री लोकांचे घर पुसले गेले. ज्याचे दिवाळे निघाले तो पटावरून उठून जातो, म्हणजे दिसेनासा होतो. भाडे, कर, तुरुंग, बँक हे शब्द जागच्या जागी राहिले. त्यांची कारणे तेवढी काढून घेतली गेली. लाखो मुले हे शब्द शिकली आणि त्याबरोबर असेही शिकली की, व्यवहार हा असाच असावयाचा.

या कथेला न्यायालयातील एक शेवटही आहे. राल्फ ॲन्स्पॅक नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली मक्तेदारी मोडण्याचा खेळ काढला आणि नावात तो शब्द घातला. ‘मक्तेदारी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या मालकीचा आहे असे सांगून कंपनीने त्याला विरोध केला. १९७७ साली त्याच्या खेळाच्या सुमारे ४०,००० प्रती जमिनीत पुरण्यात आल्या. हट्टाला पेटलेल्या प्राध्यापकाने जुने खेळाडू शोधले, हाताने रंगविलेले पट शोधले, आणि त्यांतूनच मॅगीबाईंचे पेटंट पुन्हा उजेडात आले. १९८२ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. पुढे संसदेने व्यापारचिन्हाचा कायदाच दुरुस्त केला, तडजोड झाली, आणि दोन्ही खेळ आपापल्या नावाने चालू राहिले. मक्तेदारी हा शब्दच कोणाच्या मक्त्यात आहे, यावर दहा वर्षे वाद चालावा, याहून चांगला अर्थशास्त्राचा पाठ कोणत्या वर्गात मिळाला असता?

आपल्याकडे हाच पट ‘व्यापार’ या नावाने आला. कोणावर देशातली शहरे, कोणावर मुंबईतल्या वस्त्या. भाडे, गहाण, बँक, तुरुंग हे शब्द अनेक मराठी मुलांनी प्रथम तेथेच व्यवहारात वापरले. शिक्षणाचे साधन म्हणून आपण त्याकडे पाहिलेच नाही, सुट्टीतला विरंगुळा म्हणून पाहिले. एका परीने हा आपलाच जुना अनुभव आहे. मोक्षपट हा खेळ परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. त्यात प्रत्येक घराला सद्गुणाचे वा दुर्गुणाचे नाव असे. कोणत्या दोषाने माणूस किती खाली घसरतो, हे साप सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा पट इंग्लंडात गेला. हळूहळू घरांतली नावे पुसली गेली आणि नुसती सापशिडी उरली. साप आजही गिळतो. का गिळतो, हे मात्र त्यावर लिहिलेले नाही.

राज्यकारभाराचे शब्द शिकविणाऱ्या खेळांनाही हाच धोका आहे. १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेचे कार्यक्रम सुरू झाले आणि पुढे ते देशभर पसरले. मुले अध्यक्ष होतात, मंत्री होतात. तारांकित प्रश्न, स्थगन प्रस्ताव, गणपूर्ती हे शब्द सफाईने उच्चारतात. हे चांगलेच आहे. पण विरोधी बाजूने काय बोलावयाचे हेही जर मास्तरांनी आधीच लिहून दिलेले असेल, आणि मतदानाचा निकाल सर्वांना आधीच ठाऊक असेल, तर मुले संसद शिकत नाहीत, संसदेचे नाटक शिकतात. शब्द आला, कारण आले नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. पुठ्ठा, दोन फासे आणि रंगीत कागद एवढे प्रत्येक शाळेत असते. ‘व्यापार’ एकदा नेहमीच्या रीतीने खेळावा आणि कोण बुडाला ते फळ्यावर लिहावे. मग दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी त्याच पटावर, भाडे सामाईक खजिन्यात टाकण्याचा नियम मतदानाने करून खेळावे. खजिन्यातून पाणी आधी आणावयाचे की शाळा, यावर त्यांनाच भांडू द्यावे. तेथे ‘अंदाजपत्रक’ हा शब्द आपोआप येईल. ज्याच्या जमिनी अधिक तो या नियमाला विरोध करील, आणि करावाच. त्याचे म्हणणे ऐकून घेताना ‘विरोधी पक्ष’ आणि ‘नुकसानभरपाई’ हे शब्द कळतील. हेन्री जॉर्जचे मत खरे की खोटे, हे मास्तरांनी सांगू नये. त्याच्यावरही सबळ आक्षेप आहेत, आणि ते काढण्याचा मान मुलांना मिळावा. मास्तरांनी डाव संपल्यावर एवढेच विचारावे की, हा नियम कोणी केला होता, आणि तो बदलावयाचा झाल्यास कोणाची संमती लागेल?

१ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्याच्या कूळकायद्यान्वये कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरू लागले, तेव्हा खेड्यातल्या निरक्षर माणसाला ‘कूळ’, ‘खंड’ आणि ‘कब्जा’ हे शब्द वकिलाइतके समजले होते. कारण त्यांवर त्याची भाकरी अवलंबून होती. आपल्या मुलांना हे शब्द शिकण्यासाठी जमीन गमवावी लागू नये, एवढ्यासाठी खेळ हवा. आणि तो दोन्ही नियमांनी खेळला जावयास हवा.